घशाचा फोटो काय सांगतो?



आखाडातला रविवार होता. कागलमध्ये घराघरांत तांबडा-पांढरा रस्सा झालेला. संध्याकाळी आमच्या रेडिओच्या फोनवर एका ताईंचा घाबरलेला आवाज आला. "आमच्या टिप्याच्या नरड्यात हाडूक अडकलंय बघा. मान लांब करून नुसतं ठसकतंय, लाळ गाळतंय. एकदा हात घालून बघितलं, घावलं नाही. परत घालू काय?"

आम्ही एवढंच म्हणालो, "ताई, हात घालू नका. आधी साबणानं हात धुवा." पुढचं सगळं त्या आठवड्यात आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना विचारत बसलो. कुत्र्यामांजराचा घसा बिघडला तर तो कसा ओळखतात? फोटो कधी काढतात? त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही? आजचं बोलणं त्यावरच आहे.

पहिली गोष्ट फोटोच्याही आधीची. घशात हाड अडकल्यासारखं दिसणारं कुत्रं पिसाळलेलं असू शकतं. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की अंगावर धावून येणारं, चावत सुटणारं कुत्रं आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण या रोगाचा दुसराही एक प्रकार असतो. त्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात. कुत्रं कोपऱ्यात गप्प बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, भुंकणं घोगरं होतं. बघणाऱ्याला वाटतं, हाड अडकलं. माणूस मायेनं तोंडात हात घालतो, आणि ती लाळ बोटांवरच्या बारीक ओरखड्यांतून आत जाते.

हा रोग एक्स-रेमध्ये दिसत नाही. सोनोग्राफीत दिसत नाही, स्कॅनमध्येही नाही. त्याची खात्री कुत्रं मेल्यावर मेंदूच्या तपासणीतून होते. म्हणून डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. या वर्षात लस दिली होती का? गेल्या काही महिन्यांत दुसरं कुत्रं चावलं होतं का? स्वभाव बदललाय का? या प्रश्नांची उत्तरं दवाखान्यातल्या कुठल्याही मशीनपेक्षा आपल्याकडेच जास्त असतात.

आणि हात घातलाच असेल तर? वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून धुवायचं. चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही. मग थेट सरकारी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टर सांगतील ती लस, सांगतील त्या सगळ्या तारखांना घ्यायची. रोगाची लक्षणं दिसायला लागली की मग जवळपास इलाज उरत नाही. त्या आधी मात्र लस माणसाला वाचवते. आमच्या ताईंच्या टिप्याचं दरवर्षीच्या लशीचं कार्ड होतं. तरीही बोटांवर दातांचे ओरखडे उठले होते, म्हणून ताईंना आधी माणसांच्या दवाखान्यात पाठवलं आणि मग टिप्याचं बघितलं.

एक योगायोग सांगतो. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या मुलाला पहिल्यांदा लस दिली ती फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी, ६ जुलै १८८५ ला. पाश्चर गेले २८ सप्टेंबर १८९५ ला, आणि तोच दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ८ नोव्हेंबर १८९५ ला, जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. लस आणि एक्स-रे, दोन्ही आपल्याला त्याच दहा वर्षांनी दिले. पण एकाचं काम दुसरं करत नाही, हे ध्यानात ठेवायचं.

आता घशाकडे येऊ. मानेत दोन नळ्या आहेत. एक वाऱ्याची, ती श्वासनलिका. दुसरी अन्नाची, ती अन्ननलिका. श्वासनलिका सारखी उघडी राहायला हवी, म्हणून ती कुर्च्यांच्या कड्यांनी बांधलेली असते. कुत्र्याच्या नळीत अशी साधारण ३५ ते ४५ कडी असतात. हे कडं पुरतं मिटलेलं नसतं. आपल्या हातातल्या तोंड उघड्या कड्यासारखं ते असतं, आणि पाठीकडची उघडी बाजू एका पातळ पडद्यानं झाकलेली असते. नळीच्या वरच्या टोकाला स्वरयंत्र असतं. अन्ननलिकेला अशी कडी नसतात. ती मऊ असते आणि रिकामी असली की चपटी पडून राहते. दोघी अगदी लागून जातात, त्यामुळे एकीचं दुखणं दुसरीच्या आवाजात बोलतं. अन्ननलिकेत हाड अडकलं तरी कुत्रं खोकतं, कारण शेजारची नळी दाबली जाते.

एक्स-रेत हाड पांढरं दिसतं, मांस राखाडी, आणि हवा काळी. धातू सगळ्यांत पांढराशुभ्र. श्वासनलिकेत हवा असते, म्हणून कुठलंही औषध न पाजता ती मानेतून छातीत जाणाऱ्या काळ्या रस्त्यासारखी उठून दिसते. डॉक्टर तो रस्ता वरपासून खालपर्यंत वाचतात. रुंदी सगळीकडे सारखी आहे का? कुठल्या गाठीनं तो बाजूला ढकललाय का? आत काही पडलंय का? रस्त्याच्या बाहेर हवा सांडलीय का? रिकामी अन्ननलिका मात्र मांसातच मिसळून जाते, ती वेगळी दिसत नाही.

फोटो काढताना मान कशी ठेवली याला फार महत्त्व आहे. मान वाकवली की नळीला बाक येतो आणि तिथं गाठ असल्याचा भास होतो. मान फार ताणली की नळी अरुंद वाटते. म्हणून जनावर सरळ एका कुशीवर झोपवतात. आणि एका फोटोवर भागत नाही, दुसरा फोटो दुसऱ्या दिशेनं काढावा लागतो. उसाच्या एका बांधावरून बघितलं तर दोन कांड्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. दुसऱ्या बांधावर गेल्यावर कळतं, मध्ये चांगलं हातभर अंतर आहे. डॉक्टर म्हणाले, "दोन फोटो काढू", तर ते उगीच पैसे वाढवतायत असं समजू नका.

टिप्याचंच बघा. मानेच्या पहिल्या फोटोत जबड्यामागं पांढऱ्या बारीक काड्या दिसल्या. ताई म्हणाल्या, "हे काय, घावलं की हाडूक!" डॉक्टरांनी सांगितलं, ही त्याची स्वतःची हाडं आहेत. जिभेच्या बुडाशी स्वरयंत्राला टांगून धरणारी ही बारीक हाडं प्रत्येक कुत्र्यात असतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत तर नळीच्या कड्यांतही चुना साठतो आणि तीसुद्धा पांढरी दिसायला लागतात. तो काही आजार नसतो.

मग त्यांनी छातीचा फोटो काढला. तिथं, हृदयाच्या वरच्या अंगाला, कडा असलेला पांढरा तुकडा होता. मटणाचं हाड घशातून केव्हाच उतरलं होतं आणि अन्ननलिकेत बसलं होतं. हाडं बहुतेक वेळा तीन ठिकाणी अडकतात. छातीच्या तोंडाशी, हृदयाजवळ आणि पोटाच्या पडद्याच्या अलीकडे. तिथं नळीला फुलायला जागा कमी पडते. ताई नरड्यात शोधत होत्या आणि हाड वीतभर पुढं गेलं होतं. हात कितीही आत घातला असता तरी ते लागलं नसतं.

घरी अशा वेळी आपण भाकरीचा गोळा नाहीतर केळं चारतो, हाड खाली ढकलायला म्हणून. ते करू नका. टोकदार हाड आणखी रुततं, आणि नळीला भोक पडलं की दुखणं छातीत पसरतं. हाड तसंच राहिलं तरी दाबानं तिथं जखम होत जाते, म्हणून उद्या बघू म्हणून चालत नाही. टिप्याला भूल देऊन तोंडातून दुर्बीण घातली आणि चिमट्यानं हाड काढलं. चिरफाड करावी लागली नाही.

सगळंच काही हाडासारखं पांढरं दिसत नाही. लाकडाची काडी, प्लॅस्टिक, चिंधी, माशाचा बारीक काटा, हे एक्स-रेत बऱ्याचदा लपतात. मग डॉक्टर पांढरं दिसणारं औषध पाजून फोटो काढतात. ते कुठं थांबतं, कशाला वळसा घालून जातं, यावरून अडकलेली वस्तू कळते. पण हे औषध फुप्फुसात गेलं तर त्रास होतो, आणि नळीला भोक असेल तर वेगळं औषध वापरावं लागतं. म्हणून ते कधी पाजायचं हे त्यांचं त्यांनाच ठरवू द्या.

आता मांजराकडे येऊ. आपण वाकळ शिवायला बसलो की मांजर हमखास दोऱ्याशी खेळायला येतं. मांजराची जीभ खरबरीत असते. दोरा तोंडात गेला की बाहेर टाकता येत नाही, आत आतच जातो, आणि मागून सुईही जाते. सुई एक्स-रेत लख्ख दिसते. दोरा दिसत नाही. तो जिभेच्या बुडाला अडकतो आणि दुसरं टोक आतड्यात उतरतं. अशा वेळी तोंडातून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका, कापूही नका. ताणलेल्या दोऱ्यानं आतडं चिरतं. मांजराला तसंच टोपलीत घालून दवाखान्यात न्या, आणि सुई हरवली असेल तर ते न लाजता सांगा. "मला वाटतंय, सुई गेली असंल" एवढ्या एका वाक्यावरून डॉक्टर फोटो कुठला काढायचा ते ठरवतात.

इथंच आजची मुख्य गोष्ट येते. फोटो आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रश्न चुकला तर फोटो चांगला येऊनही आजार हुकतो.

पामेरियनचं उदाहरण घ्या. आपल्याकडे बऱ्याच घरांत हे झुपकेदार छोटं कुत्रं असतं. वय वाढलं की त्यातलं एखादं बदकासारखं खोकायला लागतं. पाहुणा आला, आनंदानं उड्या मारल्या, पट्टा ओढला, की क्वॅक-क्वॅक सुरू. घरचे म्हणतात, काहीतरी अडकलंय. अडकलेलं काहीच नसतं. नळीची कडी मऊ पडलेली असतात आणि श्वासाबरोबर नळी मिटते. मानेतला भाग श्वास आत घेताना मिटतो, छातीतला भाग श्वास सोडताना. साधा एक्स-रे म्हणजे एका क्षणाचं चित्र. नेमकी त्या क्षणी नळी उघडी असली तर फोटो निर्दोष येतो. म्हणून डॉक्टर एक फोटो श्वास घेताना आणि एक सोडताना काढायचा प्रयत्न करतात. मोठ्या दवाखान्यांत नळी हलताना दाखवणारा एक्स-रे असतो, आणि दुर्बिणीनं आतून बघितलं तर सगळ्यांत खात्रीचं कळतं.

आपल्या हातातला मोबाईल इथं उपयोगी पडतो. दवाखान्यात गेल्यावर कुत्रं गप्प होतं, खोकतच नाही. म्हणून घरी खोकला आला की व्हिडिओ काढून ठेवा. आवाज ऐकू येऊ द्या, छाती आणि पोट दिसू द्या. तीस सेकंद पुरतात. उलटी आणि गिळलेलं परत येणं यातला फरकही त्यात दिसतो. पोटाला कळ येऊन, जोर लावून पडली ती उलटी. मान खाली घातली आणि खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर आलं, तर दुखणं अन्ननलिकेचं.

लॅब्रॅडॉर म्हातारा झाला की दुसरी तक्रार दिसते. भुंकण्याचा आवाज बसतो, श्वास आत घेताना खरखर होते, थोडं चाललं तरी दम लागतो. स्वरयंत्राला दोन फळ्या असतात, दाराच्या झडपांसारख्या. श्वास घेताना त्या उघडायला हव्यात. नस कमजोर झाली की त्या उघडत नाहीत. एक्स-रेत हे दार दिसत नाही. हलकी भूल देऊन, तोंड उघडून, श्वास चालू असताना ते डोळ्यांनी बघावं लागतं. फळ्यांची हालचाल काही वेळा सोनोग्राफीवरही कळते. मग छातीचा एक्स-रे कशाला? कारण दार नीट काम करत नसेल तर अन्नपाणी फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. तो फोटोत दिसतो.

पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत टाळूचा मऊ भाग लांब असतो आणि तो श्वासाच्या वाटेत येतो. काहींची श्वासनलिका जन्मापासूनच अरुंद असते. डॉक्टर एक्स-रेत नळीची रुंदी छातीच्या तोंडाशी ताडून बघतात. साध्या कुत्र्यात ती साधारण पाचवा हिस्सा भरते, बुलडॉगमध्ये त्याहून बरीच कमी. "घोरतं कसं गोड" असं आपण हसून म्हणतो, पण ते घोरणं म्हणजे श्वासासाठीची धडपड असू शकते.

सोनोग्राफीचं एक ध्यानात ठेवा. तिचा आवाज हवेतून पुढं जात नाही, म्हणून श्वासनलिकेच्या आत ती बघू शकत नाही. पण मानेतली गाठ, पू, सुजलेल्या ग्रंथी ती छान दाखवते. भूलही सहसा लागत नाही. सीटी स्कॅनमध्ये काकडीच्या चकत्या कराव्यात तशी शरीराची चित्रं निघतात. तरुण मांजर घोरायला लागलं, शिंका थांबेनात, गिळायला त्रास झाला, तर टाळूच्या वर मऊ मांसाची गाठ वाढलेली असू शकते. एक्स-रेत काळ्या हवेच्या जागी राखाडी गोळा दिसतो. तिचं मूळ बऱ्याचदा कानाच्या आतल्या पोकळीत असतं, आणि ते कुठवर गेलंय हे स्कॅन नीट दाखवतो. त्यासाठी भूल द्यावी लागते आणि खर्चही होतो, म्हणून ती पहिली तपासणी नसते.

कुत्र्यांच्या भांडणात मानेला चावा बसला आणि वरची जखम लहान असली तरी कातडीखाली हात फिरवून बघा. पापड मोडल्यासारखं चरचरलं तर नळी आत फाटून हवा कातडीखाली सांडत असते. मानेला घट्ट पट्टी बांधू नका, ताबडतोब न्या.

आणि फोटोनं थांबायचं केव्हा, तेही सांगतो. हिरड्या निळसर किंवा पांढुरक्या पडल्या, मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं, तर त्याला दाबून आडवं करून फोटो काढणं जिवावर बेतू शकतं. आधी ऑक्सिजन, शांत जागा, मग फोटो. डॉक्टर म्हणाले, "आत्ता फोटो नको", तर ते टाळत नाहीत, जीव सांभाळतात.

मैत्रिणींनो, एक आपल्यासाठी. फोटोच्या वेळी जनावर धरायला बऱ्याचदा बाईमाणसालाच पुढं करतात. पोटात बाळ असेल, किंवा तशी शंका असेल, तर स्पष्ट सांगा आणि खोलीबाहेर थांबा. लहान मुलांनाही आत नेऊ नका. बाकी कुणी धरणार असेल तर शिशाचा अंगरखा मागून घ्या. मागण्यात संकोच नको.

आता जायचं कुठं? पहिली पायरी तालुक्याचा जनावरांचा दवाखाना. सरकारच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या नंबरावर फोन लावता येतो. एक्स-रे आणि सोनोग्राफीसाठी कोल्हापूर जवळ पडतं. त्यापुढचं काही लागलं तर महामार्गानं पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासूनचं. मुंबईला परळमध्ये १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करून विचारा, कुठली तपासणी आज होईल, उपाशीपोटी आणायचं का. उन्हाळ्यात पहाटे निघा. श्वासाचा त्रास असलेलं जनावर उन्हात गाडीत बसवलं तर वाटेतच दगावू शकतं.

घरी करण्यासारखं फार अवघड काही नाही. दरवर्षीची लस चुकवायची नाही. ठसकणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नको, छातीभोवतीचा पट्टा बांधायचा. वजन वाढू द्यायचं नाही. चुलीच्या धुरापासून लांब झोपवायचं. शिजवलेली हाडं घालायची नाहीत, ती कडकडून मोडतात आणि टोकं निघतात. सुई वापरून झाली की डबीत ठेवायची.

परवा ताईंचा पुन्हा फोन आला. त्यांचे लशीचे डोस वेळेवर चाललेत. टिप्या आधी पातळ पेजेवर होता, आता कालवलेली भाकरी खातोय. म्हणाल्या, "रस्सा झाला की आता हाडकं झाकणाच्या डब्यात. पण ते डब्याभोवती फिरतंय, त्याला काय करू?"

आम्ही म्हणालो, फिरू द्या. झाकण घट्ट लावा.